फ्लॅशमधली जुनी कामं आजच्या वेबवर कशी आणायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००० सालच्या आगेमागे मराठीत मल्टिमीडियाचं बरंच काम झालं. बडबडगीतं, पाढे, बाराखडी, विज्ञानाचे प्रयोग, आरत्या. कुणी ते फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, कुणी डायरेक्टर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. चित्रकारांनी रात्र रात्र बसून एकेक कीफ्रेम काढली, गायकांनी आवाज दिला आणि ते सगळं सीडीवर जाऊन बसलं. आज त्या सीड्या कपाटात आहेत आणि चालत नाहीत. मी त्या काळी फ्लॅशवर काम करत होतो. आता तीच कामं सोडवून ब्राउझरमध्ये उतरवतो. शिक्षक, जुने ॲनिमेटर आणि नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं ज्या शंका पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

फ्लॅश कायमचं बंद झालं का? कुठून तरी प्लेअर उतरवून घेता येणार नाही का?

कायमचं बंद झालं. ॲडोबीने जुलै २०१७ मध्ये तसं जाहीर केलं, ३१ डिसेंबर २०२० ला प्लेअरचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने स्वतःच फाइली चालवायला नकार द्यायला सुरुवात केली. ही सोय प्लेअरच्या आतच घालून ठेवलेली होती. तेव्हा ‘फ्लॅश प्लेअर मोफत डाउनलोड करा’ असं सांगणारं काहीही दिसलं, तरी त्याला हात लावू नका. त्यातून व्हायरस शिरतात, आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर तर असला प्रयोग अजिबात नको.

सीडी आहे, पण लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. सुरुवात कुठून करू?

यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह उसना आणा आणि सगळ्यात आधी संपूर्ण सीडीची आयएसओ प्रत, म्हणजे सगळी सीडी जशीच्या तशी उतरवलेली एकच फाइल, काढा. फोल्डर उघडून हवी ती फाइल तेवढी ओढून घेऊ नका. घरी राइट केलेल्या सीडीवरचा रंगाचा थर काळानुसार खराब होतो. आज वाचता येणारी सीडी पुढच्या वर्षी वाचता येईलच असं नाही. चरे पडले असतील तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी चांगला भाग उचलतं आणि मग खराब जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. आयएसओच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्या, की मगच पुढच्या कामाला लागा.

सीडीवर पन्नास प्रकारच्या फाइली आहेत. कामाची कोणती?

सगळ्यात मोलाची फाइल म्हणजे एफएलए. ही फ्लॅशची मूळ फाइल. लेअर, लायब्ररी, कोड सगळं त्यात जसंच्या तसं असतं. मात्र विक्रीच्या सीडीवर ती जवळपास कधीच नसते. ती असते ॲनिमेटरच्या जुन्या हार्ड डिस्कवर, म्हणून आधी त्या माणसाला फोन करा. सीएस५ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत जतन केलेली एफएलए ही खरं तर झिप फाइल असते. नावाचं शेपूट बदलून झिप केलं, की आत एक्सएमएल, चित्रं आणि आवाज वेगवेगळे मिळतात, त्यासाठी फ्लॅश विकत घ्यावं लागत नाही. त्याआधीच्या एफएलए मात्र बंद डब्यासारख्या असतात.

एसडब्ल्यूएफ म्हणजे तयार झालेली फाइल. ती साध्या हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडून पहिली तीन अक्षरं बघा. एफडब्ल्यूएस असेल तर ती न दाबलेली, म्हणजे झिपसारखी लहान न केलेली आहे, सीडब्ल्यूएस असेल तर झेडलिब या पद्धतीने दाबलेली आणि झेडडब्ल्यूएस असेल तर एलझेडएमए या पद्धतीने. चौथ्या बाइटवरून आवृत्ती कळते. फाइल खरंच फ्लॅशची आहे का, ती कोणत्या काळातली आहे, हे या चार बाइटांवरून ओळखता येतं.

सीडीवर नुसती एक्झी असेल तरी नाउमेद होऊ नका. फ्लॅशचा प्रोजेक्टर म्हणजे प्लेअर आणि त्याच्या शेपटीला जोडलेली एसडब्ल्यूएफ. ती सोडवून घेता येते. डीआयआर, डीएक्सआर, डीसीआर, सीएसटी अशा फाइली दिसल्या तर ते काम डायरेक्टरमधलं आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

एसडब्ल्यूएफ मिळाली. ती आजच्या ब्राउझरमध्ये चालेल?

बहुतेक वेळा चालते, रफलमुळे. रफल हा रस्ट भाषेत लिहिलेला मुक्त स्रोत प्लेअर आहे आणि ब्राउझरमध्ये तो वेबअसेंब्लीच्या, म्हणजे ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या यंत्रकोडसारख्या रूपात चालतो. तुमच्या पानावर त्याची एक स्क्रिप्ट जोडायची आणि एसडब्ल्यूएफचा पत्ता द्यायचा, एवढंच. इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० मध्ये जुनी फ्लॅश ॲनिमेशनं पुन्हा दाखवायला सुरुवात केली ती याच्याच बळावर.

तुमची फाइल फ्लॅशच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्त्यांमधली, म्हणजे ॲक्शनस्क्रिप्ट १ किंवा २ मधली असेल तर फारशी अडचण येत नाही. आपल्याकडच्या बालगीतांच्या सीड्या बहुतेक याच गटातल्या. २००६ मध्ये ॲक्शनस्क्रिप्ट ३ आलं, तेव्हा फ्लॅश प्लेअर ९ मध्ये कोड चालवणारं यंत्रच नवं बसवलं होतं. त्या फाइली रफलवर चालतात, पण प्रत्येक बटण दाबून तपासावं लागतं.

रफलवर चालतंय, तर मग पुन्हा लिहायची काय गरज?

नुसतं बघायचं असेल तर काहीच गरज नाही. जतन करायला रफल उत्तम आहे आणि मूळ कलाकृती जशी होती तशीच राहते. पण ५५० बाय ४०० पिक्सेलचा चौकोन मोबाइलवर उघडून बघा. माउससाठी केलेली बटणं बोटाखाली सापडत नाहीत, अक्षरं सर्चमध्ये येत नाहीत आणि अंध मुलाच्या स्क्रीन रीडरला त्या चौकोनात काहीच दिसत नाही. रोज वर्गात वापरायचं काम असेल, तर ते नव्याने बांधलेलं बरं. मी दोन्ही करतो. मूळ फाइल रफलवर जपून ठेवतो आणि शेजारी नवी आवृत्ती करतो.

एसडब्ल्यूएफमधून चित्रं आणि आवाज बाहेर काढता येतात का?

येतात. जेपेक्स नावाचा मुक्त स्रोत डीकम्पायलर (तयार फाइल पुन्हा सुटी करणारा प्रोग्रॅम) आहे. तो चित्रं, आवाज, आकार आणि ॲक्शनस्क्रिप्ट वेगवेगळं काढून देतो, आकार एसव्हीजी या वेबवरच्या रेखाचित्रांच्या फाइलीतही मिळतात. फ्लॅश आतून पिक्सेलच्या विसाव्या भागाने मोजतं, त्याला ट्विप म्हणतात. कच्ची आकडेवारी काढून बघितली आणि सगळं वीसपट मोठं दिसलं, तर घाबरू नका, वीसने भागा.

आवाज बहुधा एमपी३ असतो आणि तसाच निघतो. मात्र तबल्याचा ठेका सतत फिरवायचा असेल तर एमपी३ वापरू नका. त्या प्रकारात सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता भरली जाते, त्यामुळे दर आवर्तनाला समेवर अडखळल्यासारखं होतं. कान तयार असलेल्या माणसाला ते लगेच खुपतं. ठेका वेव्हमध्ये कापा आणि ऑगमध्ये ठेवा.

आमची सीडी डायरेक्टरमधली आहे. तिचं काय?

तिचं काम जास्त अवघड आहे. डायरेक्टरची विक्री २०१७ मध्ये थांबली आणि त्याच्या फाइली ब्राउझरमध्ये चालवणारा विंडोजसाठीचा शॉकवेव्ह प्लेअर एप्रिल २०१९ मध्ये बंद झाला. रफल या फाइली चालवत नाही. जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या स्कमव्हीएममध्ये डायरेक्टरसाठी इंजिन आहे, पण त्याची मजल सगळ्या सीड्यांपर्यंत पोचलेली नाही. कुलूपबंद डीएक्सआरमधला कोड वाचण्यासाठी प्रोजेक्टररेज हा डीकम्पायलर वापरा.

कोड हाती लागला की मात्र आनंद होतो. डायरेक्टरची भाषा लिंगो, जॉन हेन्री थॉम्प्सन यांनी घडवलेली. ती जवळजवळ बोलल्यासारखी वाचता येते. माउस सोडला की अमुक फ्रेमला जा, हा आवाज वाजव, अशी सरळ आज्ञा. सगळी मांडणी नाटकाची. स्टेज, त्यावर येणारी कास्ट आणि कुणी कधी यायचं ते सांगणारा स्कोर. ज्यांनी कधी प्रोग्रॅमिंग केलं नव्हतं असे चित्रकार लिंगो शिकले, याचं कारण हेच. १६ बिटांचा इन्स्टॉलर असेल तर तो आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर उघडतच नाही, त्यासाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) जुनं विंडोज बसवावं लागतं.

मला ॲक्शनस्क्रिप्ट चांगलं येत होतं. आता कोणती भाषा शिकू?

जावास्क्रिप्ट, आणि तुम्ही ती अर्धी शिकलेलेच आहात. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये जावास्क्रिप्ट दहा दिवसांत उभी केली. १९९७ मध्ये तिचं प्रमाण ठरलं, ईसीएमएस्क्रिप्ट या नावाने. ॲक्शनस्क्रिप्ट याच प्रमाणावर वाढलं. ॲक्शनस्क्रिप्ट ३ तर ईसीएमएस्क्रिप्टच्या चौथ्या आवृत्तीच्या मसुद्यावर बेतलेलं होतं. पुढे २००८ मध्ये तो मसुदाच सोडून दिला गेला आणि ॲक्शनस्क्रिप्ट एकटं पडलं. म्हणजे या दोघी सख्ख्या बहिणी. एक नांदत राहिली, दुसरीचं घर मोडलं.

व्हेरिएबलपुढे विसर्ग देऊन त्याचा प्रकार लिहायची सवय हाताला असेल, तर टाइपस्क्रिप्ट तुम्हाला लगेच आपलंसं वाटेल. मायक्रोसॉफ्टने ते २०१२ मध्ये आणलं, आणि त्यातही प्रकार तसाच विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर लिहितात. हॅक्स नावाची भाषाही आहे, ती फ्लॅशच्याच मंडळींमधून आली. तिच्यावरच्या ओपनएफएल या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) फ्लॅशची जुनी नावं जशीच्या तशी सापडतात. ॲक्शनस्क्रिप्ट ३ मध्ये मोठा गेम असेल तर हॅक्सचा विचार करा. बाकी सगळ्यांना माझं सांगणं जावास्क्रिप्टचंच आहे, कारण अडलात तर शेजारचा मुलगासुद्धा मदत करू शकतो.

आणि आधी लायब्ररीच्या मागे लागू नका. एसव्हीजी, कॅनव्हास (कोडने चित्र काढायची पानावरची जागा), सीएसएसचं ॲनिमेशन आणि वेब ऑडिओ (ब्राउझरमधली आवाजाची सोय) हे चार विषय साध्या जावास्क्रिप्टने महिनाभर हाताळा. त्यानंतर हलती चित्रं क्रमाने बांधायला जीएसएपी घ्या. ते मुळात फ्लॅशसाठीच जन्मलं होतं, त्यामुळे ट्वीन, इझिंग हे शब्द ओळखीचे वाटतील. खेळ करायचा असेल तर फेझर घ्या.

नव्या आवृत्तीत गाणं आणि चित्र पुढेमागे होतं. काय चुकतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या फ्लॅशमध्ये नवी फाइल उघडली की सेकंदाला १२ फ्रेम असायच्या. आवाजाला ‘स्ट्रीम’ लावलं, की फ्लॅश आवाजाला मुख्य धरायचं आणि कॉम्प्युटर दमला तर चित्राच्या फ्रेम गाळायचं. म्हणून ओठ आणि शब्द जुळून राहायचे. नव्याने लिहिताना लोक काय करतात, तर सेकंदाला १२ फ्रेम म्हणजे दर ८३ मिलिसेकंदाला एक फ्रेम पुढे, असा टायमर लावतात.

आता हिशोब करा. तीन मिनिटांच्या गाण्यात २,१६० फ्रेम. त्यांना ८३ ने गुणलं तर १७९.२८ सेकंद होतात. म्हणजे कागदावरच चित्र गाण्याच्या पाऊण सेकंद आधी संपलं. प्रत्यक्षात तर टायमर कधीच वेळेवर येत नाही, दर वेळी थोडा उशीर करतो, आणि चित्र मागे पडत जातं. मुलाने दुसरी टॅब उघडली तर काही वेळा ब्राउझर टायमर सेकंदाला एकावर आणतो. गाणं पुढे निघून जातं, ससा मागेच राहतो.

उपाय एका ओळीचा आहे. फ्रेम मोजूच नका, आवाजाला विचारा. दर वेळी चित्र काढण्याआधी ‘गाणं आत्ता कितव्या सेकंदाला आहे’ ते वाचायचं आणि त्याला १२ ने गुणायचं. साडेदहाव्या सेकंदाला १२६ वी फ्रेम. मधल्या चार गळल्या तरी चालतील. चित्र काढायला रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम (पडदा नव्याने रंगवण्याआधी ब्राउझर दर वेळी देतो ती हाक) वापरा, पण त्याच्या प्रत्येक हाकेला एक फ्रेम पुढे सरकवू नका. तसं केलं तर १२० हर्ट्झच्या मोबाइलवर तेच ॲनिमेशन ६० हर्ट्झच्या पडद्यापेक्षा दुप्पट वेगाने पळतं.

अजून एक. पान उघडताच गाणं आपोआप सुरू होणार नाही. २०१८ पासून क्रोमने आवाजाचं आपोआप वाजणं अडवलं, आयफोनवरही तसंच आहे. पहिल्या पडद्यावर मोठं ‘सुरू करा’ बटण ठेवा आणि आवाज त्या स्पर्शावरच चालू करा.

काढलेला मराठी मजकूर भलताच दिसतो. तो वाचता कसा येईल?

इथे खरी मेहनत आहे, आणि ती केल्याशिवाय काम पुरं झालं असं मी मानत नाही.

त्या काळच्या फ्लॅशला देवनागरीची जोडाक्षरं मांडता येत नव्हती. जोडाक्षरी लिप्या नीट हाताळणारं मजकुराचं इंजिन फ्लॅश प्लेअर १० मध्ये, म्हणजे २००८ मध्ये आलं. तोवर सगळे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असे जुने फॉण्ट वापरत होते. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो, फॉण्ट तेवढा त्याला मराठी रूप देतो. फॉण्ट काढला की उरतो तो नुसता गोंधळ. काहींनी तर मजकुराचे तुकडे करून त्याचे आकारच केले होते. तिथे मजकूर शिल्लकच नाही, तो बघून पुन्हा टाइप करावा लागतो.

जुन्या फॉण्टमधून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या फॉण्टमध्ये अक्षर दिसतं त्या क्रमाने टाइप व्हायचं, युनिकोडमध्ये ते उच्चाराच्या क्रमाने साठवतात. ‘विद्यार्थी’ हा एकच शब्द घ्या. पहिली वेलांटी जुन्या मजकुरात ‘व’ च्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर यायला हवी. रफार जुन्या मजकुरात ‘थी’ पुरा झाल्यावर येतो, युनिकोडमध्ये तो ‘थ’ च्याही आधी जायला हवा. कन्व्हर्टर रफार मागे न्यायला विसरला, की होतं ‘विद्याथीर्’. जुन्या वेब पानांवर हा शब्द असाच पाहिलेला आठवत असेल.

म्हणून रूपांतरानंतर मी पायथन या भाषेतली छोटी स्क्रिप्ट चालवतो. ती तीनच गोष्टी शोधते. शब्दाच्या सुरुवातीला सुटी वेलांटी, शब्दाच्या शेवटी ‘र्’, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांमध्ये अर्ध्या ‘र’ च्या जागी आलेला रफार. ही तिसरी चूक हिंदीसाठी केलेल्या कन्व्हर्टरमध्ये हटकून सापडते, कारण हा ‘ऱ’ त्यांना लागतच नाही. एकदा एका कवितेत ‘वाऱ्यावर’ चं ‘वार्यावर’ होऊन गेलं होतं आणि माझ्या नजरेतून सुटलं. दुसरीतल्या मुलीने ते मोठ्याने वाचलं तेव्हा कळलं. तेव्हापासून स्क्रिप्ट झाल्यावरही मजकूर एकदा मोठ्याने वाचतो.

पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी आहे असं सांगायला विसरू नका. ‘ल’ आणि ‘श’ ची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. ज्या फॉण्टमध्ये दोन्ही रूपं असतात, तिथे ब्राउझर भाषा बघूनच रूप निवडतो.

अक्षरं एकेक करून उमटताना जोडाक्षरं तुटतात. का?

‘स्वातंत्र्य’ ची लांबी जावास्क्रिप्टला विचारली तर ती ११ सांगते. आपल्या डोळ्याला अक्षरं दिसतात तीन, स्वा-तं-त्र्य. तुम्ही ११ तुकडे एकेक करून दाखवता, म्हणून मध्येच पाय मोडलेला ‘स्’ दिसतो. कॅनव्हासवर एकेक तुकडा सुटा काढला तर जोडाक्षर जुळतच नाही. मजकूर अशा अक्षरांत तोडायचं काम जावास्क्रिप्टमधला इंटल सेगमेंटर करतो, पण जुने ब्राउझर पाय मोडल्यावर तोडतात. बाराखडीसारख्या छोट्या मजकुरात मी अक्षरं हाताने वेगळी करून यादीत लिहितो. वेळ लागतो, पण चूक होत नाही.

पेनड्राइव्हवरून पान उघडलं तर कोरं दिसतं. माझ्याकडे तर चालत होतं.

तुमच्याकडे सर्व्हर चालू होता. फाइलवर डबल क्लिक करून उघडलेल्या पानाला ब्राउझर शेजारच्या फाइली वाचू देत नाही, वेबअसेंब्लीही अडते. शाळेत इंटरनेट नसेल, तर चित्रं आणि आवाज एकाच एचटीएमएल फाइलमध्ये कोंबून द्या. फाइल जाडजूड होईल, पण डबल क्लिकवर उघडेल. मास्तरांना सर्व्हर चालू करायला सांगू नका.

पायथन, एफएफएमपेग वगैरे लागतंच का?

दहा फाइली असतील तर हातानेच करा. पाचशे असतील तर लागतं. जुन्या सीडीवरचे सिनेपॅक, इंडिओ आणि एफएलव्ही अशा जुन्या प्रकारांतले व्हिडिओ एफएफएमपेग वाचतं आणि एमपी४ करून देतं. मात्र एफएफएमपेगला एसडब्ल्यूएफमधलं वेक्टर ॲनिमेशन दिलं तर हाती काही लागणार नाही. त्यासाठी रफलच्या एक्स्पोर्टरने फ्रेमची चित्रं काढा आणि मग ती जोडा. चित्रांचे आकार बदलायला इमेजमॅजिक. हे सगळं एका दोरीत ओवायला पायथन.

एआयला जुना कोड देऊन जावास्क्रिप्ट करून घेतलं तर?

एकेक फंक्शन बऱ्यापैकी उतरतं, मीही वापरतो. पण फ्लॅशमध्ये अर्धा प्रोग्रॅम कोडमध्ये नसून टाइमलाइनवर असतो. ४० व्या फ्रेमवर थांबा, बटण दाबलं की ७५ वर जा, तिथे एक मूव्ही क्लिप (स्वतःची वेगळी टाइमलाइन असलेला तुकडा) स्वतःच्या चालीने फिरते आहे. हे कागदावर काढून घेतल्याशिवाय माणसालाही समजत नाही.

नव्याने बांधायला कुणाची परवानगी लागते?

गीत, चाल, ध्वनिमुद्रण आणि चित्रं यांचे हक्क वेगवेगळ्या माणसांचे असू शकतात. सीडी विकत घेतली म्हणून ते तुमचे होत नाहीत. नव्याने प्रसिद्ध करण्याआधी लेखी परवानगी घ्या आणि मूळ कलाकारांची नावं पहिल्याच पडद्यावर द्या. माझा अनुभव असा की चित्रकार खूश होतात, आणि पुष्कळदा पोटमाळ्यावरून मूळ एफएलए काढून आणून देतात.

एका गाण्याला किती वेळ लागतो?

एफएलए हाती असेल आणि मजकूर थोडा असेल तर दोन-तीन दिवस. नुसती एसडब्ल्यूएफ असेल तर आठवडा. डायरेक्टरची सीडी असेल तर आधी ती चालू करून, स्क्रीनवर जे दिसतं त्याचं रेकॉर्डिंग करून ठेवा. पुढे कोणत्या प्रसंगी बेडूक कुठल्या बाजूने उडी मारायचा, हे कोडमधून कळत नाही, तेव्हा ते रेकॉर्डिंगच उपयोगी पडतं.